पणजीला पांघरूण कुणी घातलं?

एक

"पणजी गेली," बेकरीवाल्या दोघा भावांतला थोरला दारात उभा राहून म्हणाला.

नाकसाहेब गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून खुर्चीत बसले होते. उठायची त्यांची तिळमात्र इच्छा नव्हती. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण वय झालं असेल."

"वयानं नाही गेली, साहेब. मारलीय तिला. उकळतं पाणी ओतून."

वाचणाऱ्यानं उगाच हबकू नये म्हणून आधीच सांगितलेलं बरं. ही पणजी म्हणजे चिनी मातीच्या बरणीतलं आंबवलेलं पीठ होतं. थोरल्याच्या पणजोबांनी बेकरी काढली तेव्हापासून या बरणीतला चमचाभर ऐवज रोज पावाच्या कणकेत पडायचा, आणि बदल्यात बरणीला सकाळ-संध्याकाळ मूठभर पीठ नि घोटभर पाणी भरवलं जायचं. या पावाची आंबूस चव दुसऱ्या कुणाला साधली नव्हती. बेकरीच्या पाटीवर तर चित्रच होतं. महापुरात गळ्याइतक्या पाण्यातून चाललेले पणजोबा, आणि डोक्यावर बरणी. घर गेलं, गुरं गेली, पण गड्यानं आंबवण सोडलं नाही. दर रंगकामाला पुराचं पाणी थोडं वर चढत होतं. मागच्या खेपेला पेंटरनं एक मगरही घातली आणि तिचे जास्तीचे घेतले नाहीत.

नाकसाहेब अन्नभेसळ खात्यातून निवृत्त झालेले. दुधात पाणी घातलं असेल तर ते विहिरीचं की नळाचं हे त्यांना वासावरून कळे, आणि गवळ्यानं ते हसत घातलं की भीतभीत हेसुद्धा, असं लोक सांगत. यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. जन्मभर दुसऱ्यांचं अन्न हुंगून ते नाक दमलं होतं, आणि पोटानं तर केव्हाच संप पुकारला होता. डॉक्टरांनी आंबट, तिखट, तळलेलं सगळं तोडलं. आता हा माणूस बिनमिठाच्या सूपवर दिवस ढकलत होता.

"पोलिसांकडे जा की."

"पिठाचा खून झाला म्हणून? हसतील मला. साहेब, उद्या जुन्या खाद्यपदार्थांची नोंद ठेवणारी ती मंडळी येणार आहेत. बरणीतलं चमचाभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरणार, आणि जिवंत निघालं की दारावर पितळी पाटी ठोकणार. नेमकं आजच कसं मरतं? हे उस्तादचं काम आहे. संध्याकाळी त्याला मी काढतोय."

"काढतोयस तर काढ. माझे गुडघे कशाला मध्ये?"

थोरल्यानं चपलेकडे बघितलं. "मला खांद्यावर घेऊन फिरवलंय त्यानं," तो म्हणाला. "या वयात त्याला दुसरं कोण ठेवणार? चूक व्हायला नको."

तेव्हा नाकसाहेबांनी पिशवी बाजूला ठेवली आणि एकेक हाड गोळा करत उठले.

दोन

बरणी भट्टीशेजारच्या फळीवर होती. थोरल्यानं ती दोन्ही हातांनी उतरवून टेबलावर ठेवली. तिच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला होता. दोरीचे दोन वेढे, वर दुहेरी गाठ, आणि दोरीची टोकं आत खोचलेली.

"हा तू बांधलास?"

"नाही, असाच होता. सकाळी फळी पुसताना हात लागला, तर बरणी गरम. सोडून बघितलं तेव्हा कळलं. मग होता तसाच परत बांधला."

नाकसाहेबांनी दादरा सोडला, झाकण काढलं. आत पोस्टर चिकटवायला करतात तशी खळ झाली होती. घट्ट, चकचकीत, निर्जीव. त्यांनी नाक आत घातलं आणि इतका वेळ बाहेर काढलं नाही की थोरल्याला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग त्यांनी झाकणाची आतली बाजू बघितली. फडकं उजेडात धरलं, उलटं करून पुन्हा धरलं. दोन्ही बाजूंनी बगळ्याच्या पिसासारखं स्वच्छ.

"काय कळलं?"

"कळलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. उस्ताद कुठं आहेत?"

उस्ताद मागच्या बाजूला पिठाच्या पोत्यावर बसले होते. भुवया पिकलेल्या की पिठानं माखलेल्या, हे त्यांच्या बायकोलाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं म्हणे.

"पाण्याची किटली तुमचीच?"

"माझीच."

"पहाटे इथं तुम्ही होता. आणखी कोण?"

"उंदीर असतील एखाद-दुसरा."

"काल म्हणे थोरल्याशी वाजलं तुमचं."

"एक दिवस सुट्टी मागितली. पाव्हणे येणार म्हणून नाही म्हणाला. मी म्हटलं, जळो ती तुझी पणजी. हे सगळ्या गल्लीनं ऐकलंय, मी कशाला नाकारू?"

"ओतलंत पाणी?"

उस्ताद तळहातावरचं पीठ झटकत राहिले. "साहेब, पाठ गेली, एक कान गेला. आता नोकरी जातेय. मी दमलोय. हो आणि नाही, यातलं जे कमी बोलून भागतं ते धरा."

नाकसाहेबांनाही तेच हवं होतं. हो म्हणणारा धरून द्यावा आणि घरी जाऊन पडावं. पण दाराशी जाऊन ते थबकले. नोकरीत त्यांनी एकाहून एक बदमाश पाहिले होते. रागानं उकळतं पाणी ओतणारा बरणी उलथून टाकतो, निदान झाकण तरी भिरकावतो. इथं खुन्यानं झाकण बसवलं होतं, दादरा ताणला होता, टोकं खोचली होती.

मारून झाल्यावर कुणीतरी पणजीला पांघरूण घातलं होतं.

तीन

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, गल्ल्यावर बसली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि आज पाव नाही हे सांगून सांगून तिचा आवाज बसला होता.

"या घरात आले तेव्हा सासू एक, आजेसासू एक, आणि ही बरणीतली तिसरी," ती म्हणाली. "पहिल्या दोघी निदान कधीतरी माहेरी जायच्या."

"म्हणजे तुमचा राग होता तिच्यावर."

"राग आला की मी ओतत सुटले असते तर आधी आमच्या यांच्यावर किटली रिकामी केली असती. मला तिचा वास सोसवायचा नाही, एवढंच. नवी असताना मळमळायचं. नंतर नंतर वास येईनासा झाला. माणूस कशालाही सरावतं."

"किती दिवस झाले वास येत नाही?"

"सासूबाई गेल्या त्या सुमारापासून असेल. का?"

"काही नाही," नाकसाहेब म्हणाले, आणि सुटीच्या दिवशी काम निघालेल्या माणसासारखा चेहरा करून आत वळले.

थोरल्याचा धाकटा भाऊ मागच्या पायरीवर जांभया देत होता. पाकिटातलं यीस्ट आणा, ही म्हातारी पुरे झाली, असं तो सगळ्यांदेखत बरेचदा बोलला होता.

"तुझ्यावरही संशय आहे बरं का," नाकसाहेब त्याच्याशेजारी बसत म्हणाले. बसताना गुडघ्यांनी दाराच्या बिजागरीसारखा आवाज केला.

"काका, मी मारायचं ठरवलं असतं तर दुपारी मारलं असतं. पहाटे मी कुणाचंच काही करू शकत नाही, विचारा घरात."

"विचारायची गरज नाही. तोंडावर उशीची नक्षी आहे अजून."

"पण दादाला एक सांगा. गोष्टी सांगून पाव फुगत नाही."

"फुगत नाही, पण खपतो," नाकसाहेब म्हणाले. "मी जन्मभर खाण्याच्या वस्तू तपासल्या. एकही चांगली वस्तू कुणी डोकं लढवून काढली असेल, असं मला वाटत नाही. दही कुणी काढलं असेल? दुधाचं भांडं घासायचा कंटाळा आलेल्या बाईनं. टोस्ट? शिळा पाव टाकायला जीव न झालेल्या चिक्कू माणसानं. चीज म्हणे कातडी पिशवीत दूध घेऊन निघालेल्या वाटसरूचं. उन्हात झोप लागली गाढवाला, उठून बघतो तर दुधाचा गोळा. खरं-खोटं कुणी बघितलंय. पण माझ्या हिशेबी प्रत्येक ठिकाणी आधी कुणीतरी दमलेलं असतं. मग नातवंडं येतात आणि त्या दमलेल्या माणसाच्या डोक्यावर बरणी देऊन त्याला पुरात सोडतात."

"मगरीसकट," धाकटा म्हणाला, आणि तो दिवसभरात पहिल्यांदा नीट जागा झाला.

पायरीवरून उठताना नाकसाहेबांनी आधाराला हात टाकला तो काथवटीवर. लाकडी काथवट, होडीएवढी, कणीक मळायची. तिच्यावर ओलं गोणपाट पसरलेलं. हाताखाली गोणपाट मऊ लागलं, गरम लागलं, आणि नाकसाहेबांच्या हाताला त्यानं हळूच वर ढकललं.

त्यांनी गोणपाट उचललं. आत कणीक टम्म फुगून काठाला आली होती. वास असा सुटला की नाकसाहेबांच्या संपावरच्या पोटातसुद्धा काहीतरी हललं. पिकलेलं फळ, ताक, ओलं लाकूड.

"उस्ताद, हे कधी मळलं?"

"सकाळी," उस्ताद आतूनच म्हणाले. "बरणी मेल्याचं कळल्यावर. हाताला सवय असते, त्याला कुणी सांगायचं."

"हिच्यात आंबवण कुठलं घातलंत?"

 उत्तराऐवजी थोरला आला, आणि काथवटीत बघून त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आधी पणजीतला वाटा चोरला, आणि मग तिला मारली. साहेब, संध्याकाळची वाट कशाला बघायची? उस्ताद, सामान बांधा."

"थांब रे," नाकसाहेब म्हणाले. "चोर असता तर घरी लपवलं असतं. तुझ्याच काथवटीत फुगायला ठेवलं नसतं. आधी मला घोटभर चहा पाजा. तेवढा वेळ उस्तादना राहू दे."

चार

चहा वरच्या स्वयंपाकघरात आक्कानं केला. आक्का ही या दोघा भावांमधली बहीण. पणजीला सकाळ-संध्याकाळ भरवायचं काम आईमागून तिच्याकडे आलं होतं. सकाळपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आईला तिच्या लेकराबद्दल कसं विचारायचं, असा सगळ्यांचा समज.

"साखर किती?"

"डॉक्टरनं बंद केलीय. म्हणून दोन चमचे."

आक्का जराशी हसली. मुंग्यांसाठी साखरेच्या डब्यावरही फडकं बांधलेलं होतं. तिनं ते सोडलं, साखर काढली, आणि गॅसकडे बघत बघत परत बांधलं. दोन वेढे, दुहेरी गाठ, टोकं आत. हात आपापलं करत होते, तिला त्याचं भानही नव्हतं.

नाकसाहेबांनी चहाचा घोट घेतला. खिडकीखाली व्हिनेगरची बाटली होती, निम्मी रिकामी. "तुमच्याकडे व्हिनेगर कशाला लागतं, आक्का?"

"काचा पुसायला."

"काचा तर धुळीनं भरल्यात."

आक्का ओट्याशी टेकून उभी राहिली.  

"शेवटच्या आजारपणात आई रात्र-रात्र ओरडायची," ती म्हणाली. "मी उशाशी. उन्हाळा होता. एकदा बसल्या जागी डोळा लागला तो कितीतरी वेळानं उघडला. त्या भरात बरणीचं राहून गेलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. उघडली तर गुलाबी बुरशी. पणजी खलास. आई जवळ जवळ गेलेली, दादाला काय सांगू? बरणी उकळून धुतली. पीठ, पाणी नि व्हिनेगर कालवून भरून ठेवलं. म्हटलं, उद्या पाव न फुगता बसला की कळेलच सगळ्यांना. पण पाव बसला नाही."

"मग?"

"मग काय. परवाही बसला नाही. मी वाट बघत राहिले आणि म्हातारी झाले." तिनं ओटा पुसायला घेतला, तो आधीच पुसलेला होता. "मेलेल्या बरणीला सकाळ-संध्याकाळ भरवत बसायचं. एक दिवस कुठं जायची सोय नाही. माझ्यामागं कुणी उघडून बघितलं तर? मैत्रिणीच्या मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, मी गेले नाही. पणजीला टाकून कशी येऊ, म्हटलं की लोकांना कौतुक वाटायचं."

"आणि उद्या ती मंडळी चमचा घालून बघणार."

"म्हणून आज पहाटे उस्ताद पीठ आणायला मागं गेले तेव्हा किटली ओतली. किटली हातातून निसटली असं सांगणार होते. पण खाली उतरते तर दादा उस्तादच्या नावानं ओरडतोय. निसटली म्हणावं तर निसटलेल्या किटलीनं झाकण कसं लावलं? ते लावल्याचं मला तेव्हा आठवलंसुद्धा नव्हतं, साहेब. हात करून मोकळे झाले."

"उस्ताद एक अक्षर बोलले नाहीत."

आक्काचा पुसता हात थांबला. "त्यांना काय माहीत?"

"तेच विचारायला मला परत तो जिना उतरावा लागणार," नाकसाहेब कप ठेवत म्हणाले.

पण जिन्यापर्यंत जायच्या आत खालून धाकट्याची हाक आली. "काका, लवकर या. उस्तादनी कबूल केलंय."

पाच

उस्ताद काथवटीशेजारी उभे होते, काखेत एक बोचकं. थोरला त्यांच्याकडे न बघता भट्टीकडे बघत होता.

"मीच ओतलं," उस्ताद म्हणाले. "झालं समाधान? जातो मी."

"बसा उस्ताद, मलाही बसू द्या," नाकसाहेब पोत्यावर टेकत म्हणाले. "थोरल्या, तुझी पणजी आज मेलेलीच नाही. तिला मरून कैक वर्षं झाली."

वहिनीही गल्ला सोडून दारात आली.

"जिवंत आंबवण रोज फुगतं, चढतं, झाकणाला चिकटतं, दादऱ्याला डाग पाडतं. तुझं झाकण आतून कोरं, फडकं दोन्ही बाजूंनी पांढरं. खळीला वास बाटलीतल्या व्हिनेगरचा, दुसरा कसलाच नाही. आणि तुझ्या बायकोला सासूबाई गेल्यापासून वास येत नाही. तिचं नाक बिघडलेलं नाही, तो वासच संपला होता."

"पण पाव?" थोरला म्हणाला. "पाव तर रोज फुगत होता."

"काथवट धुता का रे तुम्ही?"

"छे. नुसती पत्र्यानं खरवडायची. पणजोबांचा नियम आहे. त्यांचा हात लागलाय तिला."

"हात लागलाय म्हणून नव्हे, हात लावायचा कंटाळा होता म्हणून. काथवट धुवायला भला माणूस राजी नव्हता. कालची कणीक लाकडात राहिली, तिनं आजची फुगवली, आजचीनं उद्याची. तुमचा पाव या आळसातून आलाय. बरणी मागाहून आली, पूर त्याच्याही मागून. नियम मात्र असा सांगितला, की पोरांनी हात जोडावेत."

"या घरातले पुरुष बघून मला हे पटतं," वहिनी म्हणाली.

"उस्तादना हे ठाऊक होतं," नाकसाहेब पुढं म्हणाले. "आंबवण मेलंय हे त्याचा चमचा पाण्यात टाकला की कळतं. जिवंत तरंगतं, मेलेलं बुडतं. पहिल्याच दिवशी बुडालेलं दिसलं असणार. तेव्हापासून ते काथवट खरवडताना मूठभर कणीक कोपऱ्यात राखतात. बोलले नाहीत, कारण बोलले असते तर बरणी कुणाच्या हातून मेली हे निघालं असतं."

थोरल्यानं हळूहळू मान वळवली. "आणि पाणी?"

"मी," उस्ताद म्हणाले. "सांगितलं ना एकदा."

"गप बसा हो, उस्ताद." आक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. "तुम्हाला धड चपलेचा बंद बांधता येत नाही, दादरा काय बांधताय. दादा, मीच ओतलं. आणि आधी मेली तीही माझ्याच हातून, मी झोपले म्हणून."

भट्टीत लाकूड तडकलं.  सगळ्यांना वाटलं, आता थोरला फुटणार. पितळी पाटी त्याच्या डोळ्यांसमोरून चालत गेलेली दिसलीच सगळ्यांना.

"इतकी वर्षं?" तो शेवटी म्हणाला. "रोज? त्या मेलेलीला?"

"रोज."

"आणि मी तुला कुठं जाऊ दिलं नाही."

"तू कधी अडवलं नाहीस. मीच विचारलं नाही."

थोरल्यानं उस्तादांच्या काखेतलं बोचकं ओढून घेतलं आणि कुठं ठेवावं ते न कळून स्वतःच धरून बसला. "उस्ताद," तो म्हणाला, "परवापासून चार दिवस सुट्टी घ्या. उद्या मात्र या. ते चमचावाले आले की काथवट दाखवायला मला एकट्याला जमायचं नाही."

"आणि आक्का," वहिनी म्हणाली, "उद्या सकाळी तुम्ही काय करणार? भरवायला तर काही राहिलं नाही."

आक्कानं विचार केला. असा प्रश्न तिला कुणी केला नव्हता, त्यामुळं वेळ लागला.

"झोपेन म्हणते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मंडळी आली. कोट, वह्या, आणि पेटीत सूक्ष्मदर्शक. नाकसाहेबांनाही खुर्ची मांडली होती, आणि डॉक्टरांना कळणार नाही इतका पावाचा कोपरा त्यांच्या हातात होता. मंडळींतल्या मुख्य बाईंनी काथवटीतली कणीक काचेवर घेतली, भिंगाला डोळा लावला आणि म्हणाल्या, "बाप रे, जत्रा भरलीय इथं." मग त्यांनी वही उघडली. "आता याची मूळ कथा सांगा. ते पुराचं वगैरे, पाटीवर बघितलं आम्ही."

थोरल्यानं घसा साफ केला. उस्तादांकडे बघितलं, नाकसाहेबांकडे बघितलं. लहानपणापासून पाठ केलेला पूर त्याच्या ओठापर्यंत आला होता.

"आमचे पणजोबा," तो म्हणाला, "फार म्हणजे फारच आळशी होते."

मंडळी खो-खो हसली.

"जरा हळू," थोरला वरच्या खोलीकडे बोट दाखवत म्हणाला. "बहीण झोपलीय."